वजन जावं, भूक राहावी

आमच्या सोसायटीतले बापूराव हरपळे कोथिंबिरीच्या जुडीलाही तीन कोटेशन घेतात. पहिली भाजीवाली दहा रुपये म्हणाली की ते मान डोलावतात, दुसरीकडे जातात, तिथून तिसरीकडे जातात आणि मग विचार करत पहिलीकडे परत येतात. तोवर तिची जुडी संपलेली तरी असते, नाहीतर सुकलेली. सुकलेली असेल तर पाचात मिळते. ती घेऊन बापूराव तीन मजले चढतात आणि विजयमालाबाईंपुढे अशा थाटात ठेवतात, की जणू कंपनीचे लाखभर रुपये वाचवून आलेत. विजयमालाबाई आधी जुडीकडे बघतात, मग नवऱ्याकडे.

“ही भाजीत घालू, का हिला सलाइन लावू?”

यात बापूरावांचा दोष नाही, नोकरीचा आहे. हडपसरच्या पलीकडे त्यांच्या वडिलांची जमीन होती. ती एका कारखान्यात गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. त्यामुळे बापूराव विशीत त्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये, म्हणजे आपल्याच वडिलांच्या वांग्याच्या वाफ्यावर, टेबल टाकून बसले. स्टोअरमधून ते पर्चेसमध्ये गेले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच मुरले. पर्चेसचा नियम असा, की खिळा घ्यायचा असला तरी तीन ठिकाणांहून लेखी दर मागवायचे, ते एका कागदावर शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यात कमी दरवाल्याला ऑर्डर द्यायची. एकाच ठिकाणाहून घ्यायची वेळ आली तर तसं का, ते लिहून द्यायचं. बापूराव हा नियम घरी घेऊन आले. सोसायटीचा रंग, मुलीच्या लग्नाचा मांडव, सत्यनारायणाचे गुरुजी, सगळं तीन कोटेशनांवर. एकदा दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांनी तीन दंतवैद्यांचे दर काढले. तिसरा दर हातात येईपर्यंत दाढ आपली आपणच पडली. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत किफायतशीर सौदा.

या नियमाला एकदाच अपवाद झाला, तो लग्नाच्या वेळी. तीन मुली पाहिल्याशिवाय होकार देणार नाही, असं त्यांनी घरच्यांना बजावलं होतं. पहिलं स्थळ सासवडचं. मुलगी आली, पोहे देऊन, प्रश्नांची उत्तरं देऊन आत गेली. निघताना बापूराव हात धुवायला मागच्या बाजूला गेले आणि त्यांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसलं, की बाहेर दोन्हीकडची मंडळी तिच्या भवितव्याचा खल करत असताना ही मुलगी पाटावर बसून कढईला लागलेली पोह्यांची खरवड उलथन्याने काढून खाते आहे. डोळे मिटून. त्या क्षणी तिला नवरा नको होता, सासर नको होतं, जगातलं दुसरं काहीच नको होतं. उरलेली दोन स्थळं बापूरावांनी रद्द करून टाकली. घरच्यांनी कारण विचारलं तर म्हणाले, “बघायची गरज नाय.” लेखी कारण त्यांनी अजूनही दिलेलं नाही, आणि ऑडिटवाल्यांनीही त्यांना अजून धरलेलं नाही.

बापूराव स्वतः काडीसारखे. त्यांना आपली आपण भूक लागते असं कुणी कधी पाहिलं नाही. विजयमालाबाईंना भूक लागली की ती त्यांना लागायची. दोन खोल्यांना मिळून एक वीजमीटर असतो तशी त्या संसाराला मिळून एक भूक होती, आणि ती बाईंकडे होती. चांगली दणदणीत, निरोगी भूक. सकाळच्या चहाबरोबर त्या दुपारच्या जेवणाविषयी बोलायच्या आणि दुपारच्या जेवणात संध्याकाळच्या खाण्याविषयी. शेजारच्यांचा कुकर शिट्टी करायला लागला की भिंतीपलीकडून त्या डाळ ओळखायच्या.

बापूराव निवृत्त झाल्यापासून तर रोज संध्याकाळी दोघांची फेरी ठरलेली. ते खाली स्कूटर सुरू करून उभे राहायचे. बाई येऊन मागे बसल्या की स्कूटरचं पुढचं चाक जरा विचारात पडायचं. मग मजल दरमजल करत कधी मार्केट यार्डाकडची भेळ, कधी कात्रजला मसाला दूध, कधी हडपसरपर्यंत जाऊन गाडीवरची भुर्जी. रीत अशी, की एक प्लेट, दोन चमचे. बाई बोलत बोलत खायच्या, बापूराव ऐकत ऐकत. प्लेट संपली की बाई पदराने ओठ टिपायच्या आणि विचारायच्या, “अजून एक सांगू?”

कोथिंबिरीसाठी तीन फेऱ्या मारणाऱ्या या गृहस्थाने दुसऱ्या प्लेटचा दर कधी विचारला नाही.

सगळं असं सुरळीत आणि वजनदार चाललेलं असताना बाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आणि ती बसवायची कोटेशनं बापूरावांकडेच पडून आहेत. तीन मजले उतरायला बाईंना आधी पाच मिनिटं लागायची, मग पंधरा लागायला लागली, आणि शेवटी दोन दिवसांतून एकदाच उतरू अशी पाळी आली. खाली उतरून आपल्या हाताने निवडून भाजी आणावी, एवढीच त्यांची इच्छा. पण तिथे नवऱ्याच्या पाचाच्या जुडीवर आयुष्य काढायची वेळ आली होती. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, की गुडघे बदलावे लागतील, पण आधी साखर ताब्यात आणा आणि वजन उतरवा. त्याशिवाय मी तारीख देणार नाही.

बाईंनी काकड्या खाल्ल्या, भोपळ्याचा रस प्यायला, भात सोडला. वजन एखाद्या जुन्या भाडेकरूसारखं हललं नाही. तेव्हा त्यांच्या साखरेच्या डॉक्टर, मैत्री नावाच्या तरुण मुलीने, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा विषय काढला. औषध बाईंच्या शरीराला चालेल का ते तपासायला हवं, म्हणाली, आणि खर्चही आहे, तुम्ही दोघं विचार करा.

विचार करा म्हटल्यावर बापूरावांचं वय वीस वर्षांनी उतरलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या हाती खरं काम आलं होतं. दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून तीन औषधवाल्यांकडे जाऊन आले. एक आमच्या कोपऱ्यावरचा सूरज, एक मार्केट यार्डाजवळचा आणि एक कात्रजचा. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला गेला. त्यावर उभ्या-आडव्या रेघा.

सगळ्यात स्वस्त होती एक कॅप्सूल, महिन्याला दीड-दोन हजारांत बसणारी. ही खाल्लेलं तेल-तूप पोटात जिरूच देत नाही. पण न जिरलेलं तेल कुठेतरी जाणारच, आणि ते कुठे जातं, किती तातडीने जातं, हे सूरजने बापूरावांना कानात सांगितलं होतं. बापूरावांनी ते बाईंना सभ्य भाषेत सांगितलं.

बाई म्हणाल्या, “पळायला गुडघे असते तर औषध कशाला लागलं असतं?”

कॅप्सूल रद्द. दुसरी होती गोळी. रोज पहाटे उपाशीपोटी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही म्हणजे काही तोंडात घालायचं नाही, चहासुद्धा. त्या अर्ध्या तासात मी कुणाचातरी खून करीन आणि घरात तुम्ही एकटेच असता, असं बाईंनी शांतपणे सांगितलं. गोळीही गेली.

राहिली आठवड्याची दोन इंजेक्शनं. एक जरा जुनं, महिन्याला आठ-दहा हजारांपासून सुरू होणारं. दुसरं नवं, जास्त जोरकस, ते चौदा हजारांच्या पुढे. आणि दोन्हींचा डोस हळूहळू वाढवायचा, तसतसा खर्चही वाढणार. इथे बापूराव अडले. खरेदी वाढली की दर उतरतो, हा त्यांच्या मते सृष्टीचा नियम होता. इथे तर जास्त घ्याल तर जास्त मोजा. त्यांनी सूरजला वर्षाची एकरकमी ऑर्डर दिली तर किती सोडशील असं विचारून पाहिलं. सूरज म्हणाला, काका, हे सिमेंट नाहीये. फोनवरून कुणीतरी अर्ध्या किमतीत खोक्याशिवाय इंजेक्शनचं पेन घरपोच देतो म्हणत होता. ते मैत्रीच्या कानावर गेलं तेव्हा ती खुर्चीतून उठूनच उभी राहिली, म्हणून तो दर कागदावरून खोडला गेला.

मग बापूरावांनी किलोमागे हिशेब काढला. महिन्याला अंदाजे दोन-अडीच किलो उतरतील असं धरलं, तर एक किलो घालवायला चार हजार रुपये.

“म्हणजे बघा,” बाई म्हणाल्या, “चढवलं आठशे रुपये किलोच्या मटणाने आणि उतरवायचं चार हजारांनी. तुम्ही असताना हा व्यवहार झालाच कसा?”

बापूरावांनी शेवटचा मुद्दा काढला. पेटंट संपायला आलंय म्हणे, देशी कंपन्या उतरल्या की भाव कोसळेल, थोडं थांबू या का? बाईंनी विचारलं, की तोवर माझे गुडघे कात्रजच्या डेअरीत बर्फावर ठेवायचे का. कागदाची घडी झाली. कोणतं औषध घ्यायचं ते शेवटी मैत्रीने बाईंची साखर, किडनी आणि जुने रिपोर्ट बघून ठरवलं. बापूरावांच्या रेघांकडे तिने पाहिलंही नाही. जुनं इंजेक्शन ठरलं. बाईंना सुई बघवत नाही म्हणून दर रविवारी सकाळी ते टोचायचं काम बापूरावांकडे आलं. ते पेन आणायचे, फ्रीजमध्ये ठेवायचे, चष्मा पुसून आकडा बघायचे आणि बाईंच्या पोटाची वळी चिमटीत धरून असे टोचायचे, की सुईपेक्षा त्यांनाच जास्त दुखतंय असं वाटावं.

सुरुवातीला बाईंना मळमळायचं. मग ते थांबलं. मग दुसरं काहीतरी थांबलं.

एका संध्याकाळी भेळेच्या गाडीवर बाईंनी दोन घास खाल्ले आणि चमचा प्लेटच्या कडेला ठेवला. “पुरे. तुम्ही खा.” बापूरावांना वाटलं, तिखट लागलं असेल. पण पुढच्या खेपेला पावभाजीच्या बाबतीत तेच झालं. मग मसाला दुधाचा अर्धा ग्लास तसाच राहिला. सकाळच्या चहाबरोबर दुपारच्या जेवणाविषयी कुणी बोलेना. शेजारचा कुकर शिट्ट्या मारून मारून गप्प झाला, तरी या भिंतीकडून डाळीचं नाव आलं नाही.

औषध आपलं काम चोख करत होतं, हे कबूल करायला हवं. वजन उतरत होतं, साखर उतरत होती. एका सकाळी बाई कठडा धरून एकट्या तीन मजले उतरल्या, कोपऱ्यावर गेल्या आणि पहिल्याच भाजीवालीकडून हिरवीगार जुडी घेऊन, वाटेत दोनदाच थांबून, वर आल्या. सोसायटीतल्या बायका बाल्कन्यांतून बघत होत्या. बाई जिना चढत होत्या आणि हसत होत्या. हाडांच्या डॉक्टरांनी तारखेचं बोलणंही काढलं. बापूरावांना या सगळ्याचा आनंद झाला नाही असं नाही. झाला. ते आनंदाने घरी आले, टेबलाशी बसले आणि त्यांना कळलं, की आपल्याला बायकोशी बोलायला विषय नाही. इतकी वर्षं दोघं खाण्याविषयीच बोलत होते, किंवा बाई बोलत होत्या आणि ते ऐकत होते. त्यात सगळंच यायचं. मुलीचं सासर, दिराचं भांडण, देवधर्म, मरण, सगळं भाजीच्या फोडणीतून निघून भाजीच्या फोडणीत परत यायचं. आता फोडणीच नव्हती.

त्यांनी एकदा विचारून पाहिलं. खावंसं वाटत नाही, तर त्रास होतो का गं?

“त्रास कसला?” बाई म्हणाल्या. “काहीच होत नाही. समोर जिलबी ठेवली काय आणि उशी ठेवली काय, सारखंच.”

त्या दुःखाने बोलल्या असत्या तर बापूरावांनी समजूत घातली असती. त्या अगदी सहज बोलल्या, तेच त्यांना सहन होईना. ज्या मुलीसाठी दोन स्थळं सोडली ती घरात होती, रोज थोडी थोडी हलकी होत चालली होती, आणि बापूरावांना ती मुलगी आठवून आठवून करमत नव्हतं. दूरगावी गेलेल्या माणसाला पत्र तरी लिहिता येतं. हिच्या भुकेला कुठल्या पत्त्यावर लिहायचं?

मग त्यांनी त्यांना येणारा एकमेव उपाय केला. इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिन्ही औषधवाल्यांकडे पुन्हा फेरी काढली. या वेळी दर विचारायचा नव्हता. ते काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारायचे, की वजन जाईल पण भूक राहील, असं एखादं इंजेक्शन आहे का. महाग असलं तरी चालेल, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. त्यांच्या तोंडून हे शब्द निघालेले ऐकणारे जगात तेच तीन औषधवाले. मार्केट यार्डवाला म्हणाला, चौकशी करतो. कात्रजवाला हसला. सूरज मात्र पोरगा भला. त्याने गिऱ्हाईक थांबवून समजावलं, “काका, भूक जाते म्हणूनच वजन जातं. ते दोन वेगळे आयटम नाहीयेत.”

बापूरावांनी मैत्रीलाही फोन करून त्या दुसऱ्या, महागड्या इंजेक्शनाविषयी विचारलं. तीही तेच म्हणाली. उलट त्याने भूक आणखी जाईल.

तोवर बापूरावांचंही वजन पाच किलो उतरलं. बाईंनी “तुम्ही खा” म्हटलं की ते चमचा हातात घेऊन बसायचे, आणि तो चमचा तसाच परत यायचा. मीटर बंद पडल्यावर दुसऱ्या खोलीत तरी दिवा कसा लागेल? सोसायटीत लोक विचारायला लागले, काका, तुम्ही पण घेताय का इंजेक्शन? कुठलं? कितीला पडतं? एक रुपयाही खर्च न होता त्यांनी बाईंच्या बरोबरीने वजन घटवलं होतं. कागदावर हे कोटेशन सगळ्यांत खाली बसलं असतं, पण कागद पसरायचीच त्यांना इच्छा उरली नव्हती.

आणि मग एका रविवारी, बाई सोफ्यावर बसून पोट पुढे करून वाट बघत असताना, बापूरावांनी रिकाम्या फ्रीजचं दार लावलं आणि सांगितलं, की या वेळचं पेन आलेलं नाही. स्टॉक संपलाय, कंपनीकडूनच माल नाही, आठवडाभर लागेल. नोकरीत हे वाक्य त्यांनी पुरवठादारांकडून हजारदा ऐकलं होतं. स्वतः म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली होती. बाईंनी “बरं” म्हणून पदर नीट केला. पुढच्या रविवारीही माल आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बापूराव रोज सूरजच्या दुकानावरून जायचे, पण समोरच्या फुटपाथने.

एका दुपारी ते पेपर वाचत पडले होते तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला. डब्याचं घट्ट झाकण निघाल्याचा. मग प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. मग शांतता, आणि त्या शांततेत कुणीतरी शेव चावत होतं. बापूराव पेपर छातीवर घेऊन श्वास रोखून पडून राहिले. उठून बघायला गेलो तर पाखरू उडून जाईल, अशी त्यांना भीती वाटली.

“अहो,” आतून आवाज आला, “ही शेव सादळलीये. संध्याकाळी ताजी घेऊ. आणि जाताच आहोत तर भेळ खाऊ.”

पुढचे तीन-चार आठवडे आम्ही सगळ्यांनी पाहिले. स्कूटर रोज संध्याकाळी निघत होती. भेळ झाली, भुर्जी झाली, कात्रजचं दूध झालं, दाबेलीची एक नवी गाडी सापडली. बाई मागे बसून सिग्नलला बापूरावांच्या कानात बोलायच्या आणि शेजारचे रिक्षावाले माना वळवून ऐकायचे, कारण विषय नेहमी खमंग असायचा. ओठ टिपले जायचे, “अजून एक सांगू?” विचारलं जायचं, आणि बापूराव नुसती होकाराची मान हलवायचे. त्यांच्या गालावर मांस चढलं. सुखी माणसासारखे दिसत होते ते, आणि चोरासारखेही. फोन वाजला की दचकायचे.

तपासणीचा दिवस आला. मैत्रीने रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला. साखर वर गेली होती, वजनाचा काटाही परतीच्या वाटेला लागला होता. तिने हाडांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ऑपरेशन पुढे गेलं, तारीख आता साखर बघून. मधे इतके डोस चुकल्यामुळे इंजेक्शन पुन्हा पहिल्या, सगळ्यांत छोट्या डोसापासून सुरू करून चढवत न्यावं लागणार होतं. हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, की चुकले कसे? बापूरावांनी तोंड उघडलं. आयुष्यात एकदाही खोटं बिल पास न केलेला माणूस तो.

“स्टॉक नव्हता,” विजयमालाबाई म्हणाल्या. “सगळीकडे हिंडले हो बिचारे.”

परतताना रिक्षा केली होती. जिन्यापेक्षाही रिक्षात चढणं त्या दिवशी बाईंना जड गेलं. एक गुडघा हाताने उचलून आत ठेवावा लागला. ते बघून बापूरावांना राहवेना. बिबवेवाडीचा चढ लागेपर्यंत त्यांनी सगळं सांगून टाकलं. स्टॉक होता. मीच आणलं नाही. तुझी भूक परत यावी म्हणून आणलं नाही. तुझं ऑपरेशन मी घालवलं.

बाई रस्त्याकडे बघत होत्या. त्यांना तिसऱ्या आठवड्यातच कळलं होतं. गुडघ्याच्या मलमासाठी त्यांनी सूरजला फोन केला, तेव्हा तोच म्हणाला, की काकू, दुकानातला फ्रीज पेनांनी भरलाय, काका समोरच्या फुटपाथने का जातात?

“मग बोलली का नाहीस?”

चढ संपला, गाड्यांचा आवाज कमी झाला.

“त्या दिवशी दुपारी मला शेव खावीशी वाटली,” त्या म्हणाल्या. “तोवर मला माहीत नव्हतं मला काय नाहीसं झालंय ते. समजल्यावर सोडवेना. म्हटलं, हे खोटं बोलतायत तोवर बोलू देत. तुमच्या नावावर खपतंय.” मग त्यांनी आपला गुडघा चोळला. “पण अहो, मला चालायचंय. जेवून जिना नाही उतरता येत.”

बापूरावांनी विचारलं, की ऑपरेशन झालं, चालायला लागलीस, की मग बंद करायचं ना? बाईंनाही ते ठाऊक नव्हतं. मैत्री म्हणाली होती, की बंद केल्यावर वजन परत येऊ शकतं, तेव्हाचं तेव्हा बघू. म्हणजे भुकेचा परत यायचा दिवस कुणीच लिहून देत नव्हतं.

रिक्षा कोपऱ्यावर थांबवून बापूराव सूरजकडे गेले. या खेपेला रस्ता ओलांडून, सरळ. किंमत विचारली नाही, छोट्या डोसाचं पेन घेतलं आणि वर आले. उद्या रविवार आहे, उद्या देऊ, असं ते म्हणत होते. उद्या दुपारी तू मनासारखं काहीतरी कर, पोटभर जेव, मग देऊ.

बाईंनी पोटावरचा पदर बाजूला केला. “आत्ताच द्या. उद्यावर टाकलंत तर मी देऊ देणार नाही.”

बापूरावांनी चष्मा पुसला.

भूक एकदम गेली नाही. पाहुण्याने निघताना दारात उभं राहून बोलत राहावं तशी ती काही दिवस रेंगाळली. पहिल्या आठवड्यात एकदा वड्याचा अर्धा तुकडा खाल्ला गेला, पुढच्या आठवड्यात वास घेऊन बाजूला सारला गेला. डोस चढत गेले आणि एका संध्याकाळी बाईंनी बापूरावांपुरतीच भाकरी थापली, मिरच्या भाजून खलबत्त्यात ठेचा केला, ताट वाढलं आणि समोर खुर्ची ओढून बसल्या. स्वतःपुढे ताकाची वाटी.

“मीठ बरोबर पडलंय का? मला आता अंदाज येत नाही.”

“बरं झालंय,” बापूराव म्हणाले. एवढ्या संसारात जेवणाविषयी त्यांनी काढलेले सगळे उद्गार हेच.

“बरं म्हणजे काय? नीट सांगा. मला खाता येत नाही, ऐकता तर येतं.”

बापूराव गोंधळले. त्यांनी ठेच्याला भाकरी लावली, घास तोंडात घातला आणि कारखान्यात मालाचा नमुना तपासताना लावायचे तेवढं लक्ष लावलं. मग अडखळत बोलायला लागले. आधी लसूण येतो, म्हणाले. भाजलेला, जरा गोडसर. मिरची लगेच येत नाही, ती मागे थांबते, घास गिळला की वर येते आणि कानापर्यंत जाते. शेंगदाणा एका बाजूने करपलाय, पण तो करपलाय म्हणूनच भाकरीचा गोडवा कळतोय. भाकरीचा पापुद्रा आहे तिथे ठेचा नुसताच बसलाय, आणि आत मऊ आहे तिथे तेल मुरलंय. मीठ किंचित कमी आहे, पण घालू नकोस, पुढच्या घासाला बरोबर लागेल.

बाई हनुवटी तळहातावर टेकवून ऐकत होत्या. मुरलेल्या तेलापाशी बापूराव आले तेव्हा बाईंचा गळा हलला. आवंढा गिळावा तसा, एकदाच.

“पाणी सुटलं का तोंडाला?” बापूरावांनी विचारलं.

“काय माहीत,” बाई म्हणाल्या. “परत सांगा.”

बापूरावांनी भाकरीचा नवा तुकडा मोडला आणि लसणापासून पुन्हा सुरुवात केली.